कर्नल अपडेटनंतर प्रोसेसर तापतोय? फॉर्मॅट मारण्याआधी हे करून पाहा

परळच्या आमच्या वाचनालयात सहा कॉम्प्युटर आहेत, सगळ्यांवर लिनक्स. मे महिन्यातली दुपार होती. खिडकीजवळच्या मशीनवर बसलेली बारावीची मुलगी म्हणाली, "काका, हा परवापासून असाच घुं घुं करतोय. मी काहीच उघडलेलं नाही." पडद्यावर खरंच काही उघडं नव्हतं, तरी पंखा पूर्ण वेगात फिरत होता आणि डब्याला मागून हात लावला तर चांगलाच गरम. दोन दिवसांपूर्वी त्या मशीनवर लांबलेले अपडेट्स टाकले होते, त्यात नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तोही होता. शेजारी बसलेला मुलगा म्हणाला, "फॉर्मॅट मारू या ना काका, अर्ध्या तासाचं काम आहे."

मी त्याला थांबवलं. फॉर्मॅट मारून पुन्हा अपडेट्स घेतले की तोच नवा कर्नल परत येतो, त्याच्याबरोबर तोच त्रास येतो, आणि दरम्यान शोध घेण्यासाठी लागणाऱ्या सगळ्या खुणा पुसल्या जातात. त्या दिवशी आम्ही तिघांनी जे केलं, त्याच क्रमाने हा लेख लिहितो आहे. तुम्ही लिनक्समध्ये नवे असाल, उबुंटू किंवा मिंट ही त्याची रूपं वापरत असाल, आणि कर्नल बदलल्यापासून मशीन तापत असेल, तर हा क्रम तुमच्यासाठी आहे.

एक सूचना आधीच. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहायच्या खिडकीत, टाइप करायच्या आज्ञा मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत करायच्या. जिथे स्पेलिंगचा घोटाळा होईल तिथे अक्षरं सुटी करून सांगितली आहेत. सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ. त्याने आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालते आणि ती तुमचा पासवर्ड मागते. वाटांमध्ये येणारं 'प्रॉक' हे पी-आर-ओ-सी आणि 'सिस' हे एस-वाय-एस.

पहिली पायरी: मशीनला अर्धा तास द्या

अपडेटनंतरच्या पहिल्या बूटला मशीन बरीच कामं उरकत असतं. फाइलींची सूची नव्याने बनते, मॅन्युअलची अनुक्रमणिका बनते, स्नॅप पॅकेजेस स्वतःला अपडेट करतात. ही कामं खरी आहेत आणि संपणारी आहेत. उबुंटूची अख्खी आवृत्ती बदलली असेल आणि घरच्या डिस्कवर फोटोंचा मोठा साठा असेल, तर एकट्या सूचीकरणालाच काही तास लागू शकतात. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा, झोपू देऊ नका. प्रोसेस-यादीत 'ट्रॅकर' नावाने सुरू होणारं काहीतरी सगळ्यात वर दिसत असेल तर ते हेच काम. त्याला मारू नका. अर्धवट तोडलेलं काम ते पुढच्या वेळी पुन्हा सुरू करतं.

आमच्या मशीनला दोन दिवस झाले होते, त्यामुळे ही शक्यता संपली होती.

दुसरी पायरी: खरंच नवा कर्नल चालू आहे का?

हे विचारणं बावळटपणाचं वाटेल, पण नवा कर्नल डिस्कवर उतरला म्हणजे तो चालू झाला असं नाही. मशीन रीस्टार्ट होईपर्यंत जुनाच चालत राहतो. टर्मिनलमध्ये लिहा:

यूनेम -आर

स्पेलिंग यू-एन-ए-एम-ई, मग एक जागा सोडून उणेचिन्ह आणि आर. येणारा आकडा वहीत लिहून ठेवा. वही म्हणजे खरी, कागदाची वही. पुढे मशीन तीन-चार वेळा रीस्टार्ट होणार आहे, आणि स्क्रीनवर उघडलेली नोंद प्रत्येक वेळी बंद होईल.

मग त्याच दिवशी दुसरं काय काय बदललं ते पाहा. /व्हार/लॉग/एपीटी/ या फोल्डरमध्ये हिस्टरी.लॉग नावाची फाइल असते. त्यात तारखेनुसार प्रत्येक पॅकेजची नोंद सापडते. कर्नलबरोबर ब्राउझर, ग्राफिक्सच्या लायब्ऱ्या, डेस्कटॉप असं बरंच काही एका झटक्यात आलेलं असतं. सगळ्यांत मोठं नाव कर्नलचं म्हणून दोष त्याच्यावर जातो, पण अजून तो फक्त संशयित आहे.

तिसरी पायरी: टॉप नीट वाचायला शिका

टॉप ही चालू प्रोसेसांची यादी दाखवणारी आज्ञा बहुतेकांना माहीत असते. ती वाचायला मात्र फार थोड्यांना शिकवलेली असते, म्हणून इथे जरा थांबू.

टॉप उघडल्यावर आधी १ हा आकडा दाबा. प्रत्येक कोरची, म्हणजे प्रोसेसरमधल्या प्रत्येक स्वतंत्र हिश्श्याची, वेगळी ओळ दिसेल. चारही कोर थोडे थोडे चढलेले असणं आणि एकच कोर शंभरावर अडकलेला असणं, हे दोन निराळे आजार आहेत. खालच्या यादीत १०० टक्के म्हणजे एक पूर्ण कोर, त्यामुळे चार कोरांच्या मशीनवर एखादी प्रोसेस ३८० टक्केही दाखवू शकते. त्यात चूक काही नाही. पी हे अक्षर मोठ्या लिपीत दाबलं की यादी प्रोसेसरच्या वापरानुसार लागते. आकडे पाच-सहा वेळा बदलू द्या आणि मगच लिहून घ्या.

आता कोरच्या ओळीतले आकडे. यूएस म्हणजे तुमच्या प्रोग्रामांनी घेतलेला वेळ. एसवाय म्हणजे कर्नलने स्वतः घेतलेला. आयडी म्हणजे रिकामा. डब्ल्यूए म्हणजे डिस्कची वाट पाहण्यात गेलेला; या वेळात प्रोसेसर रिकामाच असतो. एचआय आणि एसआय हे इंटरप्टचे, म्हणजे उपकरणांनी "माझ्याकडे बघ" म्हणून मारलेल्या हाकांना उत्तर देण्याचे. एसटी फक्त व्हर्च्युअल मशीनमध्ये महत्त्वाचा. तो चढला तर यजमान मशीन तुम्हाला वेळ देत नाही, तुमच्या कर्नलमध्ये शोधण्यासारखं काही नाही.

सर्वांत वर उजवीकडे लोड ॲव्हरेजचे तीन आकडे असतात: गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांचे. ते प्रोसेसरचा वापर नव्हेत. तिकीटखिडकीवरची रांग डोळ्यांपुढे आणा. लोड म्हणजे रांगेतली माणसं, वापर म्हणजे खिडकीतला माणूस किती वेळ कामात आहे ते. आणि लिनक्सची मोजणी अशी की सुट्टे आणायला बाजूला गेलेला माणूसही तो रांगेतच धरतो. डिस्कच्या उत्तरासाठी अडकलेल्या प्रोसेसही लोडमध्ये मोजल्या जातात. म्हणून लोड ८ आणि प्रोसेसर ९० टक्के रिकामा असं दिसू शकतं. असं दिसलं तर डिस्क तपासा, कर्नल नव्हे.

आमच्या मशीनवर तीन कोर शांत होते. पहिल्या कोरचा एसवाय नव्वदीच्या वर. यादीत सगळ्यात वर 'केवर्कर' नावाची ओळ. याचा अर्थ त्या मुलीने काही उघडलं नव्हतं हे तर खरंच, पण कुठलाही प्रोग्रामही दोषी नव्हता. कर्नल स्वतःच कशात तरी गुंतला होता.

चौथी पायरी: जुन्या कर्नलची साक्ष काढा

सगळ्या लेखातून एकच पायरी करायची ठरवलीत तर ही करा. काहीही दुरुस्त करण्याआधी करा.

उबुंटू नवा कर्नल टाकताना आधीचा ठेवतो. फेडोरा हे लिनक्सचं दुसरं रूप तर मुळात तीन ठेवतं. मशीन रीस्टार्ट करा आणि कंपनीचं चिन्ह गेल्या क्षणी एस्केप एकदाच दाबा. जुन्या बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रामच्या) मशीनवर शिफ्ट दाबून धरावी लागते. एस्केप जास्त वेळा दाबली गेली तर काळ्या पडद्यावर नुसतं 'ग्रब' (कर्नल निवडून मशीन सुरू करणारा प्रोग्राम) असं लिहिलेलं येतं. घाबरू नका, तिथे 'नॉर्मल' असं लिहून एंटर करा आणि लगेच एकदा एस्केप दाबा, मेनू येतो. त्यातल्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये कर्नलांची यादी आहे. 'रिकव्हरी मोड' लिहिलेलं नसलेली जुनी ओळ निवडा.

आता दोन्ही कर्नलांना समान वागणूक द्या. तोच चार्जर, तीच उपकरणं लावलेली, तेच काम, तितकाच वेळ. आम्ही ठरवलं: बूट झाल्यावर दहा मिनिटं काहीही उघडायचं नाही, मग टॉपचे आकडे लिहायचे. क्रम नवा, जुना, पुन्हा नवा. तिसरी फेरी लोक टाळतात, आणि नेमकी तीच लागते. रीस्टार्टनेच बरं झालेलं मशीन 'जुन्या कर्नलवर बरं झालं' असं भासू शकतं. मुंबईत हवामानाचंही भान ठेवा. मे महिन्यातल्या दुपारी बाहेरच ३३-३४ अंश असतात, पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त. नवा कर्नल दुपारी आणि जुना रात्री तपासला तर तुलना उन्हाची होईल.

जुन्यावरही तेवढाच भार दिसला तर कर्नल सुटला. त्या दिवशी आलेल्या बाकीच्या पॅकेजांकडे वळा. जुन्यावर शांत आणि नव्यावर दोन्ही वेळा भार दिसला, तर आता पुरावा आहे. आमच्या वहीत मुलीने लिहिलं: नवा ९४, जुना २, नवा ९५.

टक्के कशाचे, ते विसरू नका

पुढे जाण्याआधी एक फसवी जागा दाखवतो. टॉपचे टक्के म्हणजे काम नव्हे, वेळ. प्रोसेसरचा वेग एक तृतीयांशावर आला तर तेच काम साधारण तिप्पट वेळ घेतं आणि तिप्पट टक्के दाखवतं. काम वाढलेलंच नसतं. म्हणून वेग पाहायचा:

वॉच -एन १ 'ग्रेप एमएचझेड /प्रॉक/सीपीयूइन्फो'

एमएचझेड मध्ये एम आणि एच मोठ्या लिपीत, झेड लहान. भार असतानाही सगळे कोर ४०० किंवा ८०० वर खिळलेले असतील तर मूळ प्रश्न वेगाचा आहे. कर्नल बदलताना हे खरंच होऊ शकतं, कारण प्रोसेसरचा वेग सांभाळणारा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. उदाहरणार्थ, कर्नल ६.५ पासून बऱ्याच नव्या एएमडी प्रोसेसरांवर जुन्या पद्धतीऐवजी एएमडी-पीस्टेट हा ड्रायव्हर आपोआप वापरला जातो. इथे नवशिके हमखास घाबरतात ती गोष्ट अशी: इंटेल आणि एएमडी दोन्हींच्या या नव्या ड्रायव्हरांत सक्रिय पद्धत चालू असेल तर गव्हर्नरची (वेग ठरवणाऱ्या धोरणाची) दोनच नावं उरतात, परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह. इथलं पॉवरसेव्ह वेगाला तळाशी बांधून ठेवत नाही, गरजेनुसार वाढवतं. नुसतं ते नाव पाहून काही बदलू नका, वेगाचा आकडा पाहा.

वेग खरंच तळाशी असेल तर आधी चार्जर बदलून पाहा. काही लॅपटॉप न ओळखलेल्या किंवा कमी वॉटच्या चार्जरवर स्वतःचा वेग कापतात, आणि योगायोगाने तो चार्जर अपडेटच्याच आठवड्यात आणलेला असतो. मग तापमान. एलएम-सेन्सर्स हे पॅकेज टाकून 'सेन्सर्स' लिहा. शंभर अंशांच्या जवळ गेला की प्रोसेसर जीव वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतो. आपल्याकडे समुद्राचा दमटपणा आणि धूळ मिळून पंख्याच्या पात्यांवर चिकट थर बसतो. तीन-चार वर्षांचं मशीन असेल तर लॅमिंग्टन रोडवरून थर्मल पेस्टची ट्यूब आणून प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलणं फायद्याचंच आहे. मात्र ते आजच्या शोधात मिसळू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने गुण आला ते कधीच कळत नाही. आणखी एक: यादीत 'आयडल-इंजेक्ट' अशा नावाच्या ओळी वर दिसल्या तर त्या काम करत नाहीत, प्रोसेसर थंड व्हावा म्हणून कर्नल त्याला सक्तीची विश्रांती देतो आहे.

पाचवी पायरी: कोण खातंय, त्यावरून वाट

*डेस्कटॉपच प्रोसेसर खातोय.* यूएस चढलेला आणि वर 'नोम-शेल' किंवा 'एक्सऑर्ग'. खिडकी सरकवली तरी भार उसळतो, यूट्यूब अडखळतं. हे कर्नल अपडेटनंतरचं फार नेहमीचं प्रकरण आहे आणि कारण बहुतेक वेळा ग्राफिक्स ड्रायव्हर. एनव्हिडियासारखे ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर राहतात, आणि प्रत्येक नव्या कर्नलसाठी त्यांचा भाग नव्याने बांधावा लागतो. ते काम डीकेएमएस नावाची यंत्रणा करते. बांधणी फसली तर ड्रायव्हर लागत नाही आणि पडद्यावरचं चित्र काढण्याचं काम ग्राफिक्स कार्डाऐवजी प्रोसेसरच्या गळ्यात पडतं. सेटिंग्जमधल्या 'अबाउट'च्या माहितीत ग्राफिक्सपुढे 'एलएलव्हीएमपाइप' असं लिहिलेलं दिसलं तर निदान पक्कं. मग लिहा:

डीकेएमएस स्टेटस

तुमच्या चालू कर्नलच्या आकड्यापुढे 'इन्स्टॉल्ड' नसेल तर त्या कर्नलचे हेडर्स (बांधणीला लागणाऱ्या फाइली) टाकलेले आहेत का ते पाहा. हेडर्सशिवाय बांधणी होत नाही. 'इन्स्टॉल्ड' असूनही ड्रायव्हर लागत नसेल तर सिक्युअर बूटकडे बघा:

मोकयुटिल --एसबी-स्टेट

स्पेलिंग एम-ओ-के-यू-टी-आय-एल. उत्तर 'एनेबल्ड' आलं तर कर्नल सही नसलेला ड्रायव्हर आत घेत नाही. ड्रायव्हर टाकताना मशीन एक पासवर्ड ठरवायला सांगतं आणि पुढच्या बूटला एक निळा पडदा दाखवतं. तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. बरेच जण काही न कळून 'कंटिन्यू' दाबतात आणि सही अडकून राहते. ड्रायव्हर पुन्हा टाका, निळा पडदा आला की घाई करू नका.

*केवर्कर.* आमचं प्रकरण. केवर्कर हा कर्नलचा हरकाम्या गडी. दुसऱ्यांनी दिलेली कामं तो करतो, म्हणून त्याला दोष देऊन उपयोग नाही, काम कोणी दिलं ते शोधायचं. अलीकडच्या कर्नलांत टॉपमध्येच त्याच्या नावापुढे कामाचं नाव दिसतं. अधिकचिन्ह असेल तर ते काम आत्ता चालू आहे, उणेचिन्ह असेल तर ते त्याने शेवटचं केलेलं काम. आमच्याकडे नावाच्या शेपटीत 'केएसीपीआयडी' होतं. एसीपीआय ही मदरबोर्डच्या फर्मवेअरशी (अंगभूत प्रोग्रामशी) बोलण्याची व्यवस्था: पॉवरचं बटण, बॅटरी, लॅपटॉपचं झाकण, पंखे. मग हे पाहिलं:

वॉच -एन १ -डी कॅट /प्रॉक/इंटरप्ट्स

यात प्रत्येक उपकरणाच्या हाका मोजलेल्या असतात आणि -डी मुळे बदलणारे आकडे उठून दिसतात. एसीपीआयची ओळ बहुतेक मशीनांवर ९ क्रमांकाची असते. रिकाम्या मशीनवर ती जवळपास स्थिर राहायला हवी. आमची सेकंदाला हजारोंनी धावत होती. मुलगी म्हणाली, "काका, हे टॅक्सीच्या मीटरसारखं पळतंय." यालाच इंटरप्ट स्टॉर्म म्हणतात: मदरबोर्डवरचं काहीतरी सतत हाक मारत राहतं आणि कर्नल प्रत्येक हाकेला धावतो.

नेमकी कोणती हाक ते इथे कळतं:

ग्रेप . /सिस/फर्मवेअर/एसीपीआय/इंटरप्ट्स/जीपीई*

ही आज्ञा दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा चालवा. शंभरावर ओळी येतील, बहुतेक शून्य. ज्या ओळीचा आकडा मोठा आहे आणि दोन वेळांत वाढलाय ती पकडा. आमची निघाली जीपीई६एफ. शेवटचं एफ मोठ्या लिपीत. तात्पुरतं तोंड बंद करायला:

सुडो एसएच -सी 'एको डिसेबल > /सिस/फर्मवेअर/एसीपीआय/इंटरप्ट्स/जीपीई६एफ'

एको म्हणजे ई-सी-एच-ओ. तुमची ओळ वेगळी असेल तर तिचंच नाव टाका, माझं नको. एंटर दाबला आणि पाच-सहा सेकंदांत पंख्याचा आवाज खाली आला. शेजारच्या टेबलावरचे एक आजोबा पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "झालं वाटतं."

अजून झालं नव्हतं. त्या हाकेवर मशीनचं काहीतरी उपयोगाचं कामही चालत असू शकतं. म्हणून नंतर पॉवरचं बटण, स्लीप, आणि लॅपटॉप असेल तर झाकण, बॅटरीची टक्केवारी, ब्राइटनेसच्या कळा हे सगळं तपासा. यातलं काही बंद पडलं असेल तर हा उपाय तुमच्यासाठी नाही. आमचं सगळं चालत होतं. रीस्टार्टनंतर ही बंदी उडून जाते, आणि ते चांगलंच आहे. चूक झाली तरी एका रीस्टार्टमध्ये निस्तरते. कायम ठेवायची तर /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलमध्ये 'ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट' या ओळीतल्या अवतरणचिन्हांच्या आत एसीपीआय_मास्क_जीपीई=०एक्स६एफ हे जोडा आणि सुडो अपडेट-ग्रब चालवा. इथे अंक टाइप करताना अर्थातच इंग्रजी आकडे.

*केस्वॉपडी.* नावाची सुरुवात कर्नलच्या 'के'ने होते म्हणून फसू नका. हा रॅम कमी पडल्यावर पानं डिस्कवर हलवणारा गडी. फ्री -एच लिहून 'अव्हेलेबल' खालचा आकडा पाहा. ४ जीबीच्या मशीनवर नव्या ब्राउझरच्या पंधरा टॅब उघडल्या की हे होणारच.

*केसॉफ्टआयआरक्यूडी.* एसआय चढलेला. बहुतेकदा नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर. वाय-फाय बंद करून भार उतरतो का पाहा, मग केबलवर.

*वर कोणीच नाही, तरी सगळंच जड.* एसवाय सगळीकडे थोडा थोडा वाढलेला, एकही ठळक दोषी नाही. अशा वेळी घड्याळ तपासा:

कॅट /सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/क्लॉकसोर्स/क्लॉकसोर्स०/करंट_क्लॉकसोर्स

उत्तर 'टीएससी' असायला हवं. हा प्रोसेसरच्या आतला मोजणीदार. त्याला वेळ विचारायला काही नॅनोसेकंद पुरतात. बूटच्या वेळी किंवा नंतर कर्नलला त्याच्यावर भरवसा ठेवता आला नाही तर तो 'एचपीईटी' या बाहेरच्या घड्याळाकडे वळतो. तिथे एकेक वाचन मायक्रोसेकंदाच्या घरात जातं. ब्राउझर, डेटाबेस, खेळ हे सेकंदाला प्रचंड वेळा वेळ विचारतात, म्हणून सगळंच थकल्यासारखं वाटतं. सुडो डीमेसग मध्ये 'टीएससी' आणि 'अनस्टेबल' हे शब्द शोधा. डीमेसग म्हणजे डी-एम-ई-एस-जी. सापडले तर बायोसचा अपडेट आहे का पाहा. कर्नलला जबरदस्तीने टीएससी वापरायला लावणारे पर्याय असतात, पण घड्याळ खरंच चुकत असेल तर फाइलींच्या वेळा बिघडतात, तेव्हा नवशिक्याने ते हाताळू नयेत.

घड्याळातली गडबड प्रोसेसर जाळू शकते हे जगाने एकदा फार मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. ३० जून २०१२ ला जागतिक वेळेत एक लीप सेकंद, म्हणजे घड्याळ पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवणारा जादा सेकंद, घातला गेला. आपल्याकडे तेव्हा १ जुलैची पहाट, साडेपाचला एक क्षण बाकी. त्या जादा सेकंदानंतर लिनक्सच्या टायमरांचा हिशोब एका सेकंदाने चुकला. थोडं थांबून जागं व्हायला सांगितलेले प्रोग्राम लगेच जागे होऊ लागले, पुन्हा झोपू लागले, पुन्हा जागे. जावा आणि मायएसक्यूएल चालवणारे सर्व्हर ठिकठिकाणी शंभर टक्क्यांवर गेले. उपाय इतकाच निघाला की मशीनची तारीख आहे तीच पुन्हा लावायची. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. भार कुठे दिसतो आणि बिघाड कुठे असतो, यांत किती अंतर असू शकतं ते त्यातून दिसतं.

एवढ्यानेही सापडलं नाही तर सुडो पर्फ टॉप हे हत्यार आहे. कर्नलच्या आत कोणत्या फंक्शनमध्ये वेळ जातो ते ते थेट दाखवतं. उबुंटूवर त्याचं लिनक्स-टूल्स पॅकेज चालू कर्नलच्या आकड्याशी जुळणारंच घ्यावं लागतं. नावं परकी वाटली तरी सुरुवातीची अक्षरं बोलकी असतात: 'एसीपीआय', 'एनव्हीएमई', 'रीड_एचपीईटी'.

सुरक्षेचे कवच काढू नका

शोधताना तुम्हाला कोणीतरी 'मिटिगेशन्स=ऑफ' लिहायला सांगेलच. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरांतले दोष उघड झाले, तेव्हापासून कर्नलमध्ये त्यांच्याविरुद्ध उपाय भरले आहेत, आणि त्यांनी काही कामं मंदावतात हे खरं आहे. पण ते उपाय काम चालू असताना त्याला थोडं जड करतात. रिकाम्या बसलेल्या मशीनचा कोर ते शंभरावर नेत नाहीत. हाच निकष ऑक्टोबर २०२३ मधल्या कर्नल ६.६ च्या नव्या शेड्यूलरलाही लावा: कामांची पाळी तो वेगळ्या रीतीने ठरवतो, नसलेलं काम निर्माण करत नाही. ज्या मशीनवर मुलं बँकेचे आणि परीक्षेचे पासवर्ड टाकतात, त्याचं कवच चार टक्क्यांसाठी मी काढणार नाही. तुम्हीही काढू नका.

तोवर जुन्यावर राहायचं असेल तर

उपाय सापडेपर्यंत जुना कर्नल वापरणं योग्यच आहे. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मध्ये ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड आणि ग्रब_सेव्हडिफॉल्ट=ट्रू लिहा (बरोबरचिन्हाआधीची नावं मोठ्या लिपीत), सुडो अपडेट-ग्रब करा, एकदा मेनूतून जुना निवडा; पुढे तोच उघडत राहील. नवे कर्नल येणं थांबवायला सुडो एपीटी-मार्क होल्ड आणि पुढे कर्नलच्या मुख्य पॅकेजचं नाव, साधारणपणे लिनक्स-जेनेरिक, लिनक्स-इमेज-जेनेरिक आणि लिनक्स-हेडर्स-जेनेरिक. तुमच्याकडे 'एचडब्ल्यूई' असलेलं नाव असेल तर ते. चालू असलेला कर्नल ऑटोरिमूव्ह (नको असलेली पॅकेजेस काढणारी आज्ञा) काढत नाही, पण तुम्ही नव्यावर असताना ती आज्ञा दिली तर जुना जाऊ शकतो. शोध संपेपर्यंत ऑटोरिमूव्हला हात लावू नका.

होल्ड घातल्याची तारीख वहीत लिहा. त्या दिवसापासून कर्नलचे सुरक्षा अपडेट्सही थांबलेले असतात.

कळवा, कारण तुमच्यासारखं मशीन दुसऱ्या कोणाकडेही आहे

कर्नलच्या जगात एक नियम लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स कठोरपणे पाळायला लावतात: आधी चालत असलेलं नव्या आवृत्तीत मोडता कामा नये. मोडलं तर ती चूक कर्नलची. म्हणून "जुन्यावर चालत होतं, नव्यावर नाही" हे दोन आकड्यांसह सांगणारी तक्रार तिथे वजनदार असते. उबुंटूवर उबुंटू-बग लिनक्स लिहिलं की हार्डवेअरची बरीच माहिती आपोआप गोळा होते आणि लाँचपॅड या उबुंटूच्या तक्रारींच्या साइटवर नोंद उघडते. त्यात तुम्ही हे जोडा: चाललेल्या आणि बिघडलेल्या कर्नलचे पूर्ण आकडे, तिन्ही फेऱ्यांचे टक्के, दहा सेकंदांच्या अंतराने घेतलेल्या /प्रॉक/इंटरप्ट्स च्या दोन प्रती, आणि कोणत्या उपायाने थांबलं ते. मराठीत विचार करून मोडक्या इंग्रजीत लिहिलंत तरी चालतं, आकडे स्पष्ट हवेत.

तिथून कोणी 'बायसेक्ट' करायला सांगितलं तर नाही म्हणायला हरकत नाही, पण कल्पना असू द्या. दोन मोठ्या आवृत्त्यांमध्ये दहा-पंधरा हजार बदल असतात. मधला घ्यायचा, चालवून पाहायचा, दोषी अर्धा ठेवायचा, पुन्हा मधला. असं चौदा वेळा केलं की एकच बदल उरतो. वेळ जातो तो प्रत्येक वेळी कर्नल बांधण्यात. सुट्टीत मदतीला कोणी असेल तर शिकण्यासारखं काम आहे.

आमच्या मशीनची नोंद त्या मुलीनेच टाइप केली. पावसाळा सुरू झाल्यावर मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवर बायोसची नवी आवृत्ती सापडली, ती घातली, ग्रबच्या ओळीतून मास्क काढला आणि पुन्हा तीन फेऱ्या घेतल्या. नवा कर्नल: ३, २, ३. एपीटी-मार्क शोहोल्ड लिहून अडकवलेली पॅकेजेस पाहिली, सुडो एपीटी-मार्क अनहोल्ड करून ती सोडली, आणि मेपासून राहिलेले अपडेट्स सहाही मशीनांवर लावून दिले.